केसरबाईंचा सतरा-एकोणीसचा पाना

केसरबाई यांची आणि हे लिहिणाऱ्याची ओळख दूध सोसायटीच्या खोलीत भरणाऱ्या प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. सकाळचे दूध मोजून झाले, कॅन गाडीत चढले, फरशी धुतली, की दुपारी तीच खोली वर्गाची होत असे. सर्वांच्या पुढ्यात पाट्या असत. केसरबाईंच्या पाटीशेजारी एक मेणकापडाची पिशवी असे आणि तिच्यातून लोखंडी पान्याचे टोक बाहेर आलेले असे. पहिल्याच दिवशी गुरुजींनी प्रत्येकाला विचारले, की शिकून काय करणार. कोणी सांगितले, सही करणार. कोणी सांगितले, एस.टी.ची पाटी वाचणार. केसरबाई म्हणाल्या, "मला हापसा दुरुस्तीच्या वहीत तारीख लिव्हायची हाय. दुसऱ्याच्या हातानं लिव्हून घेतली, तर तो खाली स्वतःचं नाव टाकतोय." पुढील हकीकत अर्धी त्यांनी व अर्धी त्यांच्या वस्तीतल्या साखराबाईंनी सांगितलेली आहे. जे ऐकलेले नाही, ते येथे लिहिलेले नाही.

केसरबाईंची वस्ती कडा या बाजारगावापासून दोन कोसांवर, माळाच्या पोटाशी आहे. दसरा झाला की त्या वस्तीतील बहुतेक घरांना कुलपे लागत व माणसे ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जात. या कामात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. केसरबाईंचे यजमान लग्नानंतर सातव्या वर्षी सर्पदंशाने वारले. मूलबाळ नव्हते. पुढच्या हंगामाला त्या कोयता घेऊन ट्रकपाशी उभ्या राहिल्या, तेव्हा त्याच वस्तीत वाढलेला टोळीचा मुकादम पंडित हसला.

"केसर, तू आता अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कोण घेतंय? तू कोप्यांवर थांब, पोरं सांभाळ. पोटाला मिळंल."

अशा रीतीने त्या मुले सांभाळणाऱ्या झाल्या, आणि बारा हंगाम तेच काम करीत राहिल्या.

ते काम लहान होते असे कोणीही समजू नये. पहाटे आयाबाप फडावर गेले, की उसाच्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये, म्हणजे कोप्यांमध्ये, वीस-बावीस मुले मागे उरत. अंगावर पिणारी झोळीत, रांगणारी पायाला चिंधी बांधून खुंटीला, आणि धावणारी नजरेच्या दाव्याला. विहीर जवळ, बैल जवळ, चूल जवळ. बारा वर्षांत केसरबाईंच्या हातून एकही मूल दगावले नाही. त्यांची एक पद्धत होती. मूल आजारी दिसले, की त्या कोणी मारले, कोणी दिले, हे विचारीत नसत. तसे विचारले की सगळीच मुले तोंड मिटून बसतात. त्या एकच विचारीत: "शेवटचं काय खाल्लं?" दुसरी गोष्ट त्यांना अनुभवाने कळली होती. उपाशी मूल आधी किरकिरते, मग रडते, मग हळूहळू दमते. पण खेळता खेळता जे एकदम मुके होते, त्याच्या घशात काहीतरी अडकलेले असते. असे एक मूल त्यांनी पाय धरून उलटे केले होते आणि पाठीवर थापट्या मारून त्याच्या घशातून चिंचोका काढला होता. त्या मुलाच्या आईला ही गोष्ट त्यांनी सांगितली. चिंचोका कोणाच्या मुलाने दिला, ते मात्र आजपर्यंत सांगितलेले नाही.

कोप्यांजवळ कारखान्याचा एक हापसा होता. तो हंगामात दोनदा तरी बिघडे. कारखान्याचा फिटर येई आणि म्हणे, "बाई, तुम्ही रिकाम्याच बसलाय, एवढा पाना धरा." कडेवर एक, पाठीशी एक, पदराला तीन, अशा अवस्थेत केसरबाई पाना धरीत. फिटर हात मागे करी आणि मागेल तो पाना त्या हातात ठेवीत. बारा वर्षांत त्या हापशाच्या पोटात काय काय आहे, हे त्यांना फिटरच्या खांद्यावरून पाहून पाठ झाले. त्यांचे नाव मात्र फिटरने कधी विचारले नाही.

मग दुष्काळ आला. दोन हजार तीन साली ऊसच नव्हता. कारखान्याची चाके संक्रांतीपूर्वीच थांबली व टोळी परत आली. त्याच महिन्यात ग्रामसभेत एक कागद वाचून दाखवण्यात आला. प्रत्येक गावातील एका बाईला हापसा दुरुस्तीचे पंधरा दिवसांचे शिक्षण मिळणार होते. अर्जुनराव हे गावचे सरपंच आणि दूध सोसायटीचेही चेअरमन. त्यांनी कागदाची घडी केली व विचारले, "कोणी हाय का?"

सासवांनी सुनांचे पदर ओढले, बापांनी लेकींकडे डोळे वटारले. मागच्या ओळीतून केसरबाई उभ्या राहिल्या.

"अण्णा, मी जाते."

"तू? तुला काय येतंय, केसर? पोरांची नाकं पुसाय येतंय."

"नाकातलं पाणी काढलं बारा वर्षं. आता हापशातलं काढीन."

सभा हसली. अर्जुनरावही हसले, आणि दुसरे नाव नसल्यामुळे त्यांनी तेच नाव लिहून दिले.

पंधरा दिवसांनी केसरबाई मेणकापडाची पिशवी घेऊन परत आल्या. तिच्यात सतरा-एकोणीसचा पाना होता, पाइप धरायचे शिकंजे होते, रॉड उपसायची कडी होती. परंतु त्यांच्या हाताखाली हापसा येऊ दिला गेला नाही. तालुक्याहून धोंडीराम नावाचा मिस्त्री येत असे. त्याने गावात सांगून ठेवले होते, "बाईचा हात लागला, तर पुन्हा माझ्याकडं येऊ नका." तीन महिने पिशवी खुंटीला राहिली. केसरबाई रोज सकाळी पाना काढीत, तेलाचे बोट लावीत आणि परत ठेवीत. शेजारणी विचारीत, "बाई, कावून घासता त्याला रोज?" त्या म्हणत, "रांगत्या लेकराला पण रोज न्हाऊ घालावंच लागतं."

मे महिन्यात खालच्या वस्तीचा हापसा आटला. वरच्या वस्तीचा एकच उरला, आणि एका मंगळवारी तोही बंद पडला. सोमवारी दिवे लागेपर्यंत त्याची धार चांगली होती. मंगळवारी सकाळी दांडा हलत होता, पण पाणी येत नव्हते.

बुधवारी धोंडीराम आला. त्याने वीस वेळा दांडा मारला, कपाळ पुसले आणि निकाल सांगितला. "खालचं पाणी गेलं. उद्या वरचं डोकं सोडून नेतो. दुसऱ्या गावाला कामाला येईल."

लिंबाच्या सावलीत अर्जुनराव होते, गावातले चार कर्ते होते, आणि पुढच्या हंगामाची नावे लिहायला आलेला पंडित मुकादमही होता. हापशाचे डोके गेले असते, तर वस्तीला तीन मैलांवरून पाणी आणावे लागले असते; आणि ज्यांना ते जमले नसते, त्यांना जनावरांसकट घर सोडावे लागले असते. केसरबाई पिशवी घेऊन घोळक्यात आल्या.

"पाणी गेलं न्हाई," त्या म्हणाल्या.

धोंडीराम म्हणाला, "तुला आत दिसतंय का?"

"पाणी जाताना सांगून जातं. आधी धार बारीक हुती. मग गुचक्या देतं, वारा थुंकतं. खालच्या वस्तीचा हापसा महिनाभर गुचक्या देत हुता, सगळ्यांनी बघितलंय. ह्यो रातीत मुका झाला. मुका झाला म्हंजी घशात काहीतरी हाय."

"घशात!" पंडित हसला. "अगं, ते लोखंड हाय. झोळीतलं पोर न्हवं."

"तुमाला दोन्ही कुठं म्हाईत हाईत? तुमी एक कधी सांभाळलं न्हाई, अन् दुसरं कधी खोललं न्हाई."

अर्जुनरावांना भर चारचौघांत बाईने वाद घातलेला आवडला नाही. त्यांनी काठी जमिनीत रोवली.

"ऐक केसर. उद्या दुपारपोतर तुला मुभा. पाणी आलं, तर पंचक्रोशीचे हापसे तुझ्या नावावर, मी स्वतः वर लिहून देतो. न्हाई आलं, तर ही पिशवी सोसायटीत जमा करायची, आणि पंडितच्या टोळीत पोरं सांभाळाय जायचं. पुन्हा तोंड वर करायचं न्हाई. कबूल?"

"कबूल. पर तुमचं बी बोलणं चौघांनी ऐकलंय, अण्णा."

कबूल करून त्या घरी आल्या. मुले सांभाळायला जाणे ही शिक्षा आहे असे त्यांना कधी वाटले नव्हते. मुलांवर त्यांचा जीव होता. परंतु वैशाखात ट्रकमधून उतरताना प्रत्येक मूल आपल्या आईच्या कडेवर चढत असे आणि मागे वळून पाहत नसे. बारा वेळा त्यांनी ते पाहिले होते. तेराव्यांदा पाहायचे नव्हते. जे काम आपण पुरे केले, ते आपल्या हाताखाली उभे राहिलेले दिसावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

सायंकाळी वस्तीतील बायका रिकामे हंडे घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. केसरबाई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या व त्यांनी आपला जुना प्रश्न विचारला.

"बायांनो, शेवटचं काय खाल्लं ह्यानं?"

एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी साखराबाईंकडे पाहू लागली. साखराबाई त्या वस्तीतल्या सर्वांत वडील. लग्नकार्यात ओटी कोणाची आधी भरायची, हे त्या ठरवीत. त्यांनी मान फिरवली.

"लोखंडाला काय खायला असतंय?" त्या म्हणाल्या.

"साखरामावशी, कोणी दिलं हे मी इचारत न्हाई. काय दिलं, तेवढंच सांगा. माझ्या तोंडून नाव निघणार न्हाई. बारा वर्सांत एक तरी पोराचं नाव निघालं का?"

मग साखराबाईंनी हंडा उपडा घातला, त्यावर बसल्या आणि हळू आवाजात सांगितले. खालचा हापसा आटल्यावर बायकांना धास्ती पडली होती. सोमवारी पाणी भरून झाल्यावर त्यांनी वरच्या हापशाची ओटी भरली. माहेरवाशिणीची भरावी तशीच. खांबाला खण गुंडाळला, हळदकुंकू लावले. मग साखराबाई म्हणाल्या, की पोटची लेक सासरी निघते तेव्हा तिला घास भरवतात. हिलाही भरवा, म्हणजे आपल्याला सोडून जाणार नाही. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने हापशाच्या तोटीत, कोपरापर्यंत हात घालून, ओटीतल्या वस्तू भरवल्या.

"काय काय?"

"सुपारी. हळकुंड. खारीक. बदाम."

"अन्?"

"अन् मूठभर तांदूळ," साखराबाई म्हणाल्या. "गूळ लावून."

"गूळ कावून लावला, मावशी?"

"कोरडा घास कसा भरवायचा गं?"

यावर सर्व बायका हसल्या, आणि हसता हसता साखराबाई रडू लागल्या. "सकाळी धार न्हाई म्हणल्यावर मला कळलं. मीच मारलं बया पाण्याला. गाव मला उभं जाळील."

केसरबाई म्हणाल्या, "पाणी मेलं न्हाई, मावशी. तुमी लई जेवू घातलंय त्याला. उद्या सकाळी सहाला पाच जणी या. हातात बांगड्या काचेच्या घालू नका."

गुरुवारी सहाला सात जणी आल्या. पुरुष लिंबाखाली बसले. धोंडीराम मुद्दाम बसला; त्याला डोके नेण्यासाठी थांबावे लागणारच होते. केसरबाईंनी सतरा-एकोणीसचा पाना लावला व पहिला नट सैल केला. डोके उतरले, साखळी सुटली, टाकी निघाली. आता पाइप वर काढायचे होते, एकाखाली एक, दहा-दहा फुटांचे. निघालेले पाइप आणि रॉड त्याच क्रमाने परत बसले नाहीत, तर जुन्या आट्या नव्या जागी बसत नाहीत व काम बिघडते. धोंडीरामजवळ त्यासाठी खडू असे, आणि केसरबाईंना त्या वेळी आकडा लिहिता येत नव्हता.

त्यांनी पिशवीतून एक जुने लुगडे काढले. वस्तीतल्या प्रत्येक बाईने ते ओळखले, कारण प्रत्येकीचे एक तरी मूल त्यात झोपलेले होते. ती कोपीवरची झोळी होती. केसरबाईंनी काठ दातात धरला आणि टर्रकन फाडला.

"अगं, झोळी फाडली!" एक जण ओरडली.

"आता काय करायची ठिवून?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्या पाइपाला एका गाठीची चिंधी बांधली, दुसऱ्याला दोन गाठींची, तिसऱ्याला तीन.

लिंबाखालून पंडित ओरडला, "झालं! आता टोपडं पण घालती का?"

साखराबाई पाइपाला धरून उभ्या होत्या. त्यांनी मान न वळवता उत्तर दिले, "तुला घातलं हुतं ना रे पंडित, हिच्या सासूनं. काही उपेग झाला का?"

नवव्या पाइपाला शिकंजा घसरला. खालचे सगळे वजन बायकांच्या हातावर आले. सात जणींचे पाय मातीत रुतले, कोणाचा तळवा फाटला, पण एकीनेही हात सोडला नाही. केसरबाईंनी गुडघा टेकवून शिकंजा पुन्हा आवळला. लिंबाखालून दोघे जण उठून मदतीला येऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा. नंतर म्हणाल, आमीच काढलं."

अकरावा पाइप बाहेरून कोरडा निघाला. बारावाही कोरडा. धोंडीरामने तपकीर ओढली. तेरावा वर आला, आणि त्याच्या खालच्या टोकाला हात लावून केसरबाईंनी तो हात तसाच अर्जुनरावांच्या दिशेने उंच धरला. हात ओला होता. चौदावा पाइप बाहेरून संपूर्ण ओला होता आणि त्यावर शेवाळाची बारीक साय होती. अर्जुनराव काठी टेकीत उठले व कठड्यापाशी येऊन उभे राहिले. पाणी होते. आता केवळ घसा मोकळा व्हायचा होता.

सर्वांत खालची पितळी नळी केसरबाईंनी साखराबाईंच्या पदरावर ठेवून उघडली. वरच्या झडपेत हळकुंड आडवे बसलेले होते. तीन दिवस पाण्यात राहून ते फुगले होते आणि झडप मिटू देत नव्हते. त्याला टेकून सुपारी, खारीक आणि बदाम होते, आणि वॉशरच्या कडेला गुळाने चिकटलेले तांदूळ होते. केसरबाईंनी सर्व काही एका मुठीत घेतले व मूठ मिटली.

"काय निघालं?" अर्जुनरावांनी विचारले.

"कचरा."

"बघू."

धोंडीरामही पुढे आला. "हात पिवळा झालाय तिचा. ही कोणाची तरी करणी हाय. नाव कळलंच पाहिजे."

साखराबाईंचा चेहरा मातीसारखा झाला. केसरबाईंनी मूठ पाठीमागे नेली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"अण्णा, तुमाला पाणी पाहिजे का नाव पाहिजे? दोन्ही मिळणार न्हाई. नाव पाहिजे असंल, तर हे सगळं हितंच पसरून मी घरी चालले. जोडा तुमचं तुमी."

अर्जुनरावांनी विहिरीकडे पाहावे तसे त्या उघड्या भोकाकडे पाहिले. मग धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे नेले. "चल बे, बस तिकडं. बाईला काम करू दे."

(हळकुंडाची ही गोष्ट साखराबाईंच्या परवानगीने लिहिली आहे. त्या म्हणाल्या, "लिव्हा आता. अण्णा बी गेले, माझे दात बी गेले. कोण मला जाळतंय?")

चौदा गाठींची चिंधी प्रथम खाली गेली, मग तेरा, मग बारा. एका गाठीचा पाइप बसला, तेव्हा सूर्य डोक्यावर यायला थोडा अवकाश होता. केसरबाईंनी दांडा साखराबाईंच्या हातात दिला. पन्नासेक वेळा दांडा कोरडाच चालला. मग खोलवरून एक ढेकर ऐकू आला, तोटीने थोडी हवा टाकली, आणि गढूळ पाण्याची धार ओट्यावर पडली. तिच्यात सुरुवातीला दोन-तीन तांदूळ होते. ते कोंबड्यांनी टिपले, त्यामुळे पुरावा राहिला नाही.

अर्जुनरावांनी दिलेला शब्द पाळला, ही गोष्टही लिहिली पाहिजे. पंचक्रोशीचे चौदा हापसे त्यांनी केसरबाईंच्या नावावर लिहून दिले. पंडित जाताना म्हणाला, "मग टोळीतली पोरं कोण बघंल, केसर?"

"कारखाना तुमचा, ऊस तुमचा, टोळी तुमची. पोरांसाठी घर बांधा, बाई ठिवा, तिला नावानं हाक मारा. मी न्हाई."

त्यानंतर अकरा वर्षे केसरबाईंनी हापसे दुरुस्त केले. उन्हात सायकलवर पिशवी अडकवून त्या चालत जात. सायकल त्यांना चालवता येत नव्हती, परंतु पाइपाचे सामान तिच्यावर चांगले राहत असे. एक खोड मात्र लोकांची गेली नाही. त्या कोणत्याही वस्तीवर पोहोचल्या, की कोणीतरी आपले मूल त्यांच्याकडे सरकवीत असे. "तुमच्या हाताला लेकरं राहतात हो, जरा बघा, आम्ही आलोच." त्या मूल घेत नसत. काहींना याचा राग येई. बाईला गर्व झाला असे ते म्हणत. केसरबाई ते ऐकत आणि नट सोडवीत.

हे लिहिणाराही त्या चुकीतून सुटलेला नाही. आमच्या वस्तीचा हापसा बिघडला, तेव्हा नातवाला कडेवर घेऊन मी त्यांचे काम पाहत उभा होतो. हात अवघडला म्हणून, वर्गातली ओळख आहे म्हणून, मी नातू त्यांच्या मांडीवर ठेवायला वाकलो. केसरबाईंचे दोन्ही हात टाकीच्या आत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या,

"आबा, नातू तुमचा हाय, तुमीच धरा. अन् मोकळ्या हातानं तेवढा सतरा-एकोणीसचा पाना द्या."